गाळा घ्यावा की नाही? (जुना बाजार, ती आणि तिचे वडील)

पथारी_बुध_रवि (धागाकर्ता)

सरळ मुद्द्यावर येतो, कारण रविवारी रात्री उत्तर द्यायचंय.

वय २६. राहायला पुण्यात, मंगळवार पेठेत. जुन्या बाजारात मामाबरोबर पथारी लावतो, बुधवार आणि रविवार. आमचा माल म्हणजे पाडलेल्या वाड्यांमधला. पितळी कड्या, कोयंडे, साखळ्या, बिजागऱ्या, खुंट्या, कधी नशीब असेल तर रंगीत काचांची तावदानं. सागवानाचे खांब-तुळया मोठे व्यापारी उचलतात, ते आपलं काम नाही. बाजार नसेल त्या दिवशी माल गोळा करायचा, चिंचेने घासायचा आणि पेठांत कुठे पत्रे ठोकले जातायत ते बघत फिरायचं.

ती आर्किटेक्चर शिकते, शेवटचं वर्ष. घरचे बिल्डर. पेठांमधले वाडे घेऊन तिथे इमारती बांधतात. म्हणजे आमचा माल ज्यांच्या साइटवरून येतो त्यांच्यातलेच एक तिचे वडील. माझी तिच्याशी ओळख व्हायच्या कितीतरी आधीपासून मामा त्यांना 'शेठ' म्हणत आलाय, हे आम्हा दोघांनाही उशिरा कळलं.

पहिल्यांदा आली तेव्हा एक कडी उचलली. साडेतीनशे म्हटलं, लगेच काढून दिले. मग विचारते, कुठल्या वाड्याची? म्हटलं, कसब्यातली. कसब्यात कुठे? दिंडीदरवाजाची की माजघराची? आतल्या बाजूची की बाहेरच्या? माझी दांडी गुल. पुढच्या रविवारी मामाला खोदून खोदून विचारून सगळी उत्तरं तयार ठेवली होती. आली, ऐकून घेतलं, आणि बॅगेतून एक वही काढून दिली. तेव्हापासून प्रत्येक नगाची नोंद आहे. पेठ, कुठलं दार, वाडा कधी पडला, मालकाला माहीत असेल तर कधी बांधला. अक्षर माझं, शेजारी चित्र तिचं.

ती घासाघीस करत नाही. आधी वाटलं, पैशाचा माज आहे. नंतर लक्षात आलं, तिला ती येतच नाही.

आता वाडा पडायच्या आधी दोघं जातो. ती टेप धरते, मी पहार. दीड वर्ष झालं. तिच्या घरी कळलं, अपेक्षेपेक्षा कमी आरडाओरडा झाला. वडिलांनी मला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले: बाणेरला आमच्या स्कीममध्ये गाळा आहे, रस्त्यालगत. दोन वर्षं भाडं नको. अँटीकचं दुकान टाक, इंटिरियर मी करून देतो. मात्र पथारी बंद. 'आमच्या लोकांना मी काय सांगू, जावई फूटपाथवर बसतो?'

आई म्हणते लक्ष्मी दारात आलीय. मामा काही बोलत नाही, नुसता कड्या घासत बसलाय. शिव्या घाला चालेल, पण कारणासकट.

खडूस_सदाशिव

बाणेरला रस्त्यालगत गाळा, दोन वर्षं बिनभाड्याचा. आणि हा सल्ला मागतोय. तुझ्याऐवजी मी जाऊ का?

रुमाल_टाकला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खडूसरावांनी लवकर काडी टाकली.

आशा_कर्वेनगर

मी नेहमी वाचनमात्र असते, पण इथे लिहायलाच हवं.

आमचं उलट नाही, अगदी हेच. माझे वडील डॉक्टर, आणि ह्यांचा तुळशीबागेत स्टॉल. बांगड्या, कानातले, पिना. लग्नाला विरोध झाला नाही, कारण बाबांनी 'सोय' केली. फ्लॅट घेऊन दिला, ह्यांना एका ओळखीच्यांच्या ऑफिसात चिकटवलं आणि स्टॉल दिरांकडे गेला. सगळ्यांनी बाबांचं कौतुक केलं. मीसुद्धा.

फ्लॅटची एक किल्ली बाबांकडे असायची. त्यांनी ती कधी वापरली नाही, हे मुद्दाम सांगते, माणूस भला होता. पण हे रात्री दार लावताना साखळी घालायचे, दरवेळी. आणि ज्या माणसाने मला तुळशीबागेच्या गर्दीत एकाच वेळी पाच बायकांना पाच वेगळे भाव सांगून पाचही जणींना खूश करून पाठवताना भुरळ घातली होती, तो माणूस ऑफिसात फायली लावत होता. साहेबाशी बोलताना आवाज खाली. मला तो आवाज ओळखीचा नव्हता.

शेवटी दिरांकडून अर्धा स्टॉल परत घेतला. आज दोन आहेत. बाबा दर दिवाळीला तिथूनच नातींसाठी खरेदी करायचे आणि पूर्ण पैसे मोजायचे.

घे किंवा घेऊ नकोस, ते तू बघ. पण 'पथारी बंद' ही अट तुला ऐकू आली तितकीच तिलाही ऐकू आली का, हे विचार. तिने तुला पाहिलं ते पथारीवर बसलेला असताना.

मिलिंद_फ्रीमाँट

आशाताई, प्रतिसाद फार आवडला.

भावनेच्या गोष्टी झाल्या, आता हिशोब. माझ्या भावाचं बाणेरला दुकान होतं (कपड्यांचं, दोन वर्षांत बंद). भाडं नाही म्हणून सगळं फुकट नसतं. सोसायटीचा मेंटेनन्स, कमर्शियल दराने वीज, एक पोरगा पगारावर, एसी, कार्ड मशीन, आणि आठवड्याचे सात दिवस शटर उघडायला माणूस. जीएसटीचं टेन्शन घेऊ नकोस, मालाच्या धंद्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. तिथवर पोचलास तर मला पार्टी दे.

खरी अडचण वेगळी. तू दुकानात बसलास तर माल कोण आणणार? तुझा धंदा विकण्यात नाही, आणण्यात आहे. आणि दोन वर्षांनंतर भाडं किती, हे त्यांना विचारलंस का?

पथारी_बुध_रवि

@मिलिंद: विचारलं नाही. सुचलंच नाही.

मालाबद्दल बरोबर बोललात. एक गोष्ट सांगतो. कोरेगाव पार्कात एका दुकानात आमचीच कडी बघितली. आमचीच, कारण पाठीवर मामाने कानशीने ओढलेली खूण असते. आम्ही चारशेला दिलेली, तिथे काचेच्या कपाटात, खाली दिवा, अडीच हजार. विकत घेतो कोण, तर ज्यांना बुधवारी सकाळी मंगळवार पेठेत यायला वेळ नाही ते. साहेब, म्हणजे तिचे वडील, म्हणतात तो मधला फायदा तुझा होईल. ऐकायला बरं वाटतं.

पण त्या दुकानात दहा कड्यांपैकी सात नव्या होत्या. ॲसिडमध्ये बुडवून काळ्या केलेल्या. ओळखायचं सोपं आहे. उलटी करून बघा. जुनी कडी मागून ओबडधोबड असते, कानशीचे ओरखडे वेडेवाकडे, आणि जिथे रोज बोट लागायचं तिथेच झिजलेली. नवी सगळीकडे सारखीच 'जुनी' असते. आणि स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर कृपा करून पेशवाईतली म्हणून घेऊ नका. जुन्याला खिळा असतो हाताने ठोकलेला, नाहीतर एका खाचेचा स्क्रू.

सात दिवस दुकान भरलेलं दिसायला हवं म्हटलं की तो नवा माल ठेवावाच लागणार. एवढे वाडे पडतात तरी कुठे?

खडूस_सदाशिव

पडतात की. सासरे आहेत ना पाडायला. घरचाच पुरवठा.

घड्याळवेडा

(अवांतर) पथारीभाऊ, तुमच्या शेजारच्या कोणाकडे एचएमटी जनता आली तर कळवा. देवनागरीत 'जनता' लिहिलेली, पांढरी तबकडी. रंगवलेल्या लाल-हिरव्या तबकड्या नकोत, त्या हजार-बाराशेला नेटवर ढिगाने मिळतात.

अॅड_मेधा

घड्याळवेडा, माणूस लग्नाचं विचारतोय हो.

पथारी, दोन कायदे सांगते. दोन्ही तुझ्या मुळावर येऊ शकतात, नीट वाच.

पहिला, फेरीवाल्यांचा २०१४ चा केंद्राचा कायदा. विक्रीचं प्रमाणपत्र मिळताना हमी द्यावी लागते की धंदा मी स्वतः किंवा घरातली माणसं करतील, आणि मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही. प्रमाणपत्र भाड्याने किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गाने कोणाला देताही येत नाही. तेव्हा 'दोन वर्षं दुकान करून बघतो, नाही जमलं तर पथारी आहेच' असं मनात असेल तर ते काढून टाक. तुझ्या नावावर दुकान झालं की ती हमी टिकत नाही. मामाचं प्रमाणपत्र त्यांच्या नावावर असेल तर त्यांचा प्रश्न वेगळा. कागद काढून बघ, नाव कोणाचं आहे.

दुसरा, १९७२ चा पुरावशेष कायदा. लोकांना वाटतं तो फक्त देवळातल्या मूर्तींसाठी आहे. त्यातली व्याख्या वाचलीस तर दचकशील. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं, शिल्प, चित्र, कारागिरीचा नमुना हे सगळं तर त्यात येतंच, शिवाय 'इमारतीपासून किंवा लेण्यापासून सुटी झालेली वस्तू' हेही येतं. अशा वस्तूंचा व्यापार करायचा तर पुरातत्त्व खात्याकडून परवाना लागतो. परदेशात पाठवणं तर बंदच, खाजगी माणसाला ती मुभा नाही. पथारीवर 'जुनं भंगार' म्हणून विकणं आणि बाणेरला मोठ्ठा 'अँटीक' असा बोर्ड लावून विकणं यात फरक असा, की बोर्ड लावून तूच लिहून देतोयस माल किती जुना आहे ते. पथारीवर कायदा लागू नाही असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको.

तुमची ती वही मात्र सोन्याची आहे. वाडा कधीचा हे लिहिलेलं असेल तर शंभरच्या आतलं काय आणि बाहेरचं काय, हे तुला तरी कळेल. बाहेरचं असेल ते विकण्याआधी मला फोन कर.

रुमाल_टाकला

प्रेमाचा धागा होता, पुरातत्त्व खात्यात पोचला. मराठी संस्थळांचा विजय असो.

नाना_सोमवार

मी पेठेतला, वय ७५. वाड्यात जन्मलो. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, आमच्या नातलगांचा नदीकाठचा वाडा अर्धा गेला. उरलेला अर्धा पुढे आमच्यासारख्या भाडेकरूंनी आणि भाऊबंदकीने घालवला. महिना पंधरा रुपये भाडं द्यायचे आणि कौलं मालकाने बदलावीत म्हणायचे. मालकाकडे पैसा कुठून येणार? मग बिल्डर येतो. म्हणून बिल्डरला राक्षस करू नका. आमचा वाडा पडला तेव्हा मला संडास घरात मिळाला, ते सुख तुम्हा पोरांना कळायचं नाही.

आता मुलीच्या बापाची बाजू. मला दोन मुली आहेत. बाप पहिलं बघतो ते पावसाळा. जून ते सप्टेंबर पथारी किती वेळा लागते? दवाखान्याचा विमा आहे का? राहायला किती खोल्या? हे प्रश्न त्याने तुला विचारले नाहीत, कारण तुला ओशाळवाणं वाटेल. त्याऐवजी गाळा पुढे केला. पैसेवाल्या माणसाला प्रश्न विचारण्यापेक्षा वस्तू देणं सोपं जातं.

तेव्हा त्याने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तू आपणहून दे. गाळ्याचं आपोआप सुटेल.

आणि 'आमच्या लोकांना काय सांगू' ही त्याची अडचण आहे, तुझी नाही. तरी तिची थट्टा करू नकोस. त्यालाही चार लग्नांत मिरवावं लागतं.

रोहिणी_एम

सगळे प्रतिसाद वाचले. वडील काय म्हणाले, आई काय म्हणाली, मामा काय करतोय, कायदा काय म्हणतो, सगळं आलं. मुलीला काय हवंय?

पथारी_बुध_रवि

@रोहिणी: ती म्हणाली, 'तुझं तू ठरव, मी मध्ये बोलणार नाही.'

रोहिणी_एम

हे उत्तर नाही, हा राग आहे. पुन्हा विचार.

पथारी_बुध_रवि

विचारलं. तुमचं बरोबर होतं.

तिचं म्हणणं, वडील आणि मी मिळून तिच्या आयुष्याचा व्यवहार करतोय आणि ती तिथे चहाचा कप उचलायला बसलीय. तिला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका ऑफिसात नोकरी मिळतेय. पगार ऐकून मी हसलो, मग ती चिडली. तीन चांगल्या रविवारांचा आमचा गल्ला त्याहून जास्त असतो. सोमवार पेठेत दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, दोघांच्या पैशात, असं तिच्या डोक्यात आधीपासून होतं. मला सांगितलं नाही कारण मी गाळ्याचा विषय काढताना 'बघू या' म्हणालो होतो, आणि माझं 'बघू या' म्हणजे गिऱ्हाईक धरून ठेवायचं 'बघू या' असतं हे तिला माहीत आहे.

मिलिंद_फ्रीमाँट

गल्ला आणि नफा यात फरक आहे रे. तीन रविवारांतून मालाचे पैसे, टेम्पो, मामाचा वाटा वजा कर आणि मग हस.

पथारी_बुध_रवि

वजा केलं. ती जास्त कमावणार आहे. तिला सांगितलेलं नाही अजून.

अॅड_मेधा

सांग. आजच.

आशा_कर्वेनगर

मेधाताईंना दुजोरा. आणि नानांनी विचारलेला विमा?

पथारी_बुध_रवि

काढतोय. आई, मी आणि मामा. मामा म्हणाला मला काय धाड भरलीय. गुडघ्याला पट्टा बांधून म्हणाला.

खडूस_सदाशिव

मामा आवडला. मुलीचं नंतर बघू, मामाचा वेगळा धागा काढा.

पथारी_बुध_रवि

काल रात्री जाऊन आलो. बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं म्हणून सविस्तर लिहितो.

ती बरोबर होती, आणि या वेळी चहा वडिलांनी आणला. नानांनी सांगितल्याप्रमाणे आधी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. पावसाळ्यात बाजार अर्धा असतो, पण वाडे उन्हाळ्यात पाडले जातात, तेव्हा घेतलेला माल पावसाळ्यात घरी बसून घासून होतो. विमा भरलाय, पावती दाखवली. राहायचं कुठे ते तिने सांगितलं. पगारही तिनेच सांगितला. वडिलांना तो आकडा माझ्या पथारीपेक्षा जास्त लागला. 'पाच वर्षं शिकून एवढाच?' दोन-तीनदा तरी म्हणाले.

मग गाळा नको म्हटलं. कारण विचारलं तर मेधाताईंचे दोन्ही कायदे सांगितले. दुसरा कायदा ऐकून जरा गप्प झाले. त्यांच्या दिवाणखान्यात एक कोरीव चौकट भिंतीला लावलेली आहे, तिकडे एकदा बघितलं. मी काही बोललो नाही.

मग म्हटलं, द्यायचंच असेल तर दुसरं द्या. तुमचा वाडा पाडायला काढायच्या आधी आम्हाला आठ दिवस द्या. ती मोजमापं घेईल, चित्रं काढेल. पितळ आणि लोखंड मी उतरवीन, पहारीने उचकटून नाही, खिळा काढून. सध्या तुमचा ठेकेदार सगळं एका पोत्यात भरून किलोवर देतो, निम्म्या कड्या वाकतात. मी नगावर घेईन, बिल घेईन, आणि शंभर वर्षांच्या वरचं काही निघालं तर ते वेगळं ठेवून आधी वकिलांना विचारीन.

'नगाला किती देणार?'

मी म्हटलं, साधी कडी शंभर.

आणि साहेब सरसावून बसले. शंभर? कोरेगाव पार्कात अडीच हजारांना जाते म्हणे. मी म्हटलं तिथला दिवा आणि काच पण त्यात येते. म्हणाले दीडशे. मी म्हटलं घासायची मजुरी कोण देणार? म्हणाले घासू नकोस, लोकांना काळीच आवडते. लाखोंचा गाळा फुकट देणारा माणूस एका कडीमागे वीस रुपयांसाठी अर्धा तास बसला, मध्ये जेवण निवलं, काकूंनी दोनदा हाक मारली. ती आधी घाबरून दोघांकडे बघत होती. नंतर हसायला लागली, कारण तिला वाटलेलं आम्ही भांडतोय.

लग्नाचं म्हणाले, नोकरीत सहा महिने होऊ देत, मग बसू. नातेवाइकांना काय सांगणार, हे मी विचारलं नाही. निघताना त्यांनीच फोनवर कोणाला तरी सांगितलेलं ऐकलं: 'जुन्या मालात आहे. पक्का आहे.'

मामाला सांगितलं. तो म्हणाला, शेठ नेहमी पहिल्यांदा दीडशेच बोलतो, तू ऐंशीपासून सुरू करायला हवं होतंस.

नाना_सोमवार

वा. बाप सुटला.

रोहिणी_एम

पगारावर ती काय म्हणाली? तुझ्यापेक्षा जास्त कमावते हे कळल्यावर?

पथारी_बुध_रवि

म्हणाली, आता मला घासाघीस शिकव, भाड्याच्या खोल्या बघायला मीच जाणार आहे.

मिलिंद_फ्रीमाँट

कडी शेवटी कितीला तुटली?

पथारी_बुध_रवि

खरेदीचा भाव सांगत नसतात, मिलिंददादा. घड्याळवेडा, पलीकडच्या चाचांकडे एक जनता आलीय, पांढरी, देवनागरी. बुधवारी सकाळी लवकर या, भवानीच्या वेळी ते जास्त ताणत नाहीत.